घरात टॉर्चवर काम करायचं तर एक्झॉस्ट फॅन किती इंची लावावा?

१० बाय १० च्या खोलीत टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचेचे मणी करायचेत, फॅन किती इंची, असं विचारलंय. फॅनचं नंतर बघू. हवा आत कुठून येणार? खिडकीचा तुम्ही उल्लेखच केला नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापूरचा, चांदीचं झाळकाम करतो, म्हणजे ज्योतीवर सांधे जोडतो. जुळे सोलापुरात घराची मागची खोली टॉर्चसाठी केली तेव्हा फॅन आमच्या दादानं निवडला, १८ इंची. त्याची हयात यंत्रमागावर गेली. तिथं हवा कोरडी झाली की सूत तुटतं, त्यामुळं उघडी खिडकी दिसली की त्याचा हात कडीकडं जातोच. "वाऱ्यानं ज्योत हलती, लाव की. एवढा फॅन असताना खिडकी कशाला पाहिजे?" थोरला भाऊ, काय बोलणार. खिडकी लावली, वर फटींना पट्टीही मारली.

जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, थंडीनं सगळं घर बंद. मी टॉर्चवर, फॅन घरघरतोय, खोलीचं दार सारखं आपटतंय. तेवढ्यात बायको भिंत धरत बाथरूममधनं बाहेर आली. गरगरतंय, मळमळतंय. दादा म्हणे पित्त. अंगणात बसवल्यावर सावरली, तरी दवाखान्यात नेलं.

दुपारी बाथरूममधला गॅस गीझर बंद ठेवून त्याच्या धुराच्या नळीपाशी उदबत्ती धरली. फॅन लावला की धूर नळीकडं न जाता सरळ माझ्या खोलीच्या दिशेनं. खिडकी उघडली, तर शांतपणे वर. म्हणजे फॅनला हवा मिळेना, म्हणून त्यानं ती गीझरच्या नळीतनं ओढली आणि जळलेला वायू बाथरूममध्ये उलटा आला. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, कळणार कसं?

आता तुमचं. टॉर्चभोवती तीन बाजूंनी बंद पत्र्याचा खोका करा. वाफ तोंडासमोरनं वर न जाता मागं ओढली गेली पाहिजे. खोक्याच्या तोंडाला दर चौरस फुटामागं मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा धरा. तोंड ३ बाय २ फुटांचं असेल तर ६००. फॅनच्या पॅकिंगवर छापलेला आकडा हवा बाहेर नेणारी नळी न जोडता मोजलेला असतो. नळी लांब, वळणांची असली की साधा पात्याचा फॅन दमतो, ब्लोअर, म्हणजे नळीतनं जोरानं हवा ढकलणारा पंखा, घ्या. आणि तेवढीच हवा आत यायला नळीपेक्षा मोठं तोंड हवं, तुमच्या पाठीमागं, बाहेर टाकलेली वाफ परत येणार नाही इतकं लांब. ज्योत हलते ती झोतानं. मोठ्या तोंडातनं संथ आलेल्या हवेनं हलत नाही. दादा, वाचत असशील तर हे तुला.

मे महिन्यात पारा ४४ वर जातो, ती झळ आत येणारच. एसी लावून उपयोग नाही, गार हवा फॅन बाहेर फेकतो. मी पहाटे बसतो.

काच मी केलेली नाही, तेव्हा त्यातलं काचवाल्याला विचारा. सिलिंडर खोलीत ठेवू नका, गळालेला गॅस खाली साचतो. पुढंमागं झाळकामाकडं वळलात तर केडीएम, म्हणजे कॅडमियमची झाळ, कितीही फॅन असला तरी घरात नको. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मिळतो, तो आधी घ्या.

दादा अजून म्हणतो गीझरच खराब होता. मेकॅनिकनं खोलून बघितला, काही निघालं नाही. फॅन तोच आहे, १८ इंची. खिडकीची कडी मात्र मी काढून टाकली.