कुऱ्हाडीला पॉलिश पेपरने धार लावता येते का? कोणत्या नंबरचा घ्यावा?

येते, आणि चांगली येते. 'कागदाने कसली धार लागतेय, ग्राइंडरवर मारून आण' असं तुम्हाला घरात कुणीतरी सांगितलंय, हे प्रश्नात वाचलं म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलंय.

आमच्या वडिलांची कुऱ्हाड मुरबाडकडच्या घरी असायची. पातं गावच्या लोहाराने घडवलेलं, पाणीही त्यानेच दिलेलं, म्हणजे लालभडक तापवून विझवून कडक केलेलं. आंघोळीच्या बंबाची लाकडं वर्षानुवर्षं तिनेच फोडली. वडील ती ओल्या दगडावर पाजळायचे, तासभर, अजिबात घाई न करता. ते गेल्यावर एकदा दादा ती धार लावायला म्हणून ठाण्याला घेऊन आला. मी आयटीआय केलेली फिटर. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला बावीस वर्षं काढली. माझ्या घरी दादा चहा प्यायला, कुऱ्हाड दाराशी पिशवीत होती, आणि मला एका शब्दाने न विचारता बाजारात एका दुकानात घेऊन गेला. तिथल्या माणसाने ती कोरडीच ग्राइंडरला धरली. दादा परत आला तो खूश. "बघ, पाच मिनिटांत काम!" मी पातं उजेडात धरलं. धारेलगत बोटभर निळा पट्टा, आणि दोन्ही टोकं तर राखाडी.

मी तिथेच म्हटलं, "दादा, पाणी उतरलं रे हिचं." तो म्हणाला, "तुझं काहीतरीच. धार बघ ना."

पोलाद तापलं की रंग सांगतो. साधारण 230 अंशांना पिवळसर, 300 च्या आसपास निळं. राखाडी म्हणजे त्याच्याही पुढे. लोहाराने दिलेलं पाणी तिथे गेलेलं असतं, पातं मऊ पडतं. आणि फसगत अशी की धार पातळ, ती क्षणात तापते. मागचा जाड भाग हाताला कोमटच लागतो. ठिणग्या उडताना बघणाऱ्याला वाटतं काम जोरात चाललंय.

होळीच्या सुट्टीत गावी खैराचे ओंडके फोडायला घेतले. चौथ्या की पाचव्या घावाला धार दुमडली. दादा काय म्हणाला असेल? "लोहाराचं लोखंडच कच्चं होतं." ज्या माणसाच्या पात्याने आमचं आंघोळीचं पाणी इतकी वर्षं तापलं, त्याला नाव ठेवलं. मला ते अजून खुपतं.

मग ती कुऱ्हाड मी माझ्याकडे आणली. गॅलरीत व्हाइसला बांधली आणि आधी कानशीने तो मऊ भाग मागे नेला, जवळजवळ तीन मिलिमीटर. रंग गेला म्हणून थांबले नाही. निळा रंग वरवरचा असतो, घासला की जातो, आतला मऊपणा राहतो. कानस सहज खात होती तोवर घासत राहिले. ती जरा घसरायला लागली तेव्हा समजलं, आता खरं पोलाद लागलं. त्यानंतर कागद.

तुमच्या प्रश्नाकडे येते. सुतार वापरतात तो लाकडाचा पॉलिश पेपर घेऊ नका, पोलादावर लगेच झिजतो. गाडी रंगवणारे लांबी (पुट्टी) घासायला वापरतात तो काळा वॉटर पेपर घ्या. त्यावर सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात आणि तो पाण्यात चालतो, म्हणजे पातं तापण्याचा प्रश्नच नाही. 120, 220, 400 असे चढत जा, नंबर मोठा तसे कण बारीक. कुऱ्हाडीला 600 च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, ती काही वस्तरा नव्हे. आणि कागद नुसत्या फळीवर लावू नका. फळीवर जुन्या स्लीपरचा रबरी तळ ठेवून त्यावर कागद ताणून बसवा. रबर थोडं दबतं, त्यामुळे धार सपाट न होता किंचित फुगीर होते, मसुराच्या दाण्याच्या कडेसारखी. अशा धारेला मागून पोलादाचा आधार असतो. ती लाकडात रुतून बसत नाही, ढलपा बाजूला ढकलते. ग्राइंडरच्या गोल चाकाने नेमकं उलटं होतं, पातं आत खोलगट खाल्लं जातं.

धारेवर आधी काळ्या मार्करची रेघ मारा. शाई कुठली जाते त्यावरून कोन बरोबर की चूक ते दिसतं. पातं मागे ओढायचं, धार कागदात घुसेल असं पुढे कधीच ढकलायचं नाही. कागद फाटतो आणि हातही. पलीकडच्या अंगाला बोटाला बारीक खरखरीत कड लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दोन्हीकडून ओढून ती कड उतरवा.

हे सगळं धार नुसती बोथट असेल तर. कपचा उडाला असेल तर कागदाने दिवसभर घासत बसाल, तिथे आधी कानसच हवी. ग्राइंडर मुळात वाईट नाही, हेही सांगते. टूलरूममध्ये मी रोज चालवायची. पण दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवणारा हात पाहिजे. बाजारात तुमच्या कुऱ्हाडीसाठी तेवढं कोण थांबतं?

तुमच्याकडे जे कुणी कागदाला हसतात, त्यांनी ग्राइंडरवरून आणलेलं पातं आणि तुमचं पातं, दोन्हींच्या धारेवर कानस एकेकदा फिरवून बघा. दादाला मी हेच करून दाखवणार होते. त्याने कानस हातातच घेतली नाही.

धार लावून झाली की पातं कोरडं पुसून शिलाई मशीनचं तेल लावा. आपल्याकडे जून लागला की एका रात्रीत गंज धरतो. आणि सोसायटीतलं झाड तोडायला ही कुऱ्हाड काढत असाल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. 1975 च्या कायद्याने ती स्वतःच्या आवारातल्या झाडालाही लागते.