नोकरीचं पहिलं वर्ष आणि चार वर्षांनंतरचा एमबीएचा अर्ज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीला आठ महिने झालेत, तीन-चार वर्षांनी चांगल्या पूर्णवेळ एमबीएला अर्ज करायचाय. तर जीमॅटचा (एमबीए प्रवेशपरीक्षेचा) क्लास आताच लावू का, दोन-तीन ऑनलाइन सर्टिफिकेटं पदरात पाडून घेऊ का, आणि मोठ्या नावाच्या कंपनीत जाऊ का? उत्तरं क्रमाने: आता नको, नको, आणि बघू. पण तुम्ही जे विचारलंच नाहीत त्याबद्दल मला जास्त सांगायचंय.

मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा पाच वर्षांचा अनुभव होता, स्कोअरही बरा होता. दोन ठिकाणी अर्ज, दोन्हीकडून नकार. मुलाखतीपर्यंतसुद्धा गाडी गेली नाही. खरं तर अर्जातला निबंध लिहायला बसले तेव्हाच घोडं कुठं अडलंय ते कळलं होतं. ज्या प्रकल्पावर माझी सगळी भिस्त, तो दोन वर्षांपूर्वीचा. वेळ वाचवला म्हणजे किती? आधी किती लागायचा? विरोध कोणाचा होता? काही आठवेना. ती कंपनी सोडलेली, जुनी मेल बंद. शेवटी ‘लक्षणीय सुधारणा केली’ असं लिहून मोकळी झाले. अर्ज तपासणारी माणसं असली वाक्यं दिवसभर वाचत असतात.

म्हणून पहिलं काम, एक वही करा. आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. माझ्या दुसऱ्या नोकरीतल्या वहीतली ही एक नोंद:

‘शुक्रवार. बँकेच्या नोंदींचा ताळमेळ लावायला तिघांचे दोन दिवस जातात. मी दोन्ही शीट जोडल्या, फरक आपोआप लाल होतो. आज साडेतीन तास. अकाउंट्सच्या वरिष्ठांना पसंत नाही. म्हणाले, चुकलं तर जबाबदार कोण? पुढचे दोन महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवायच्या असं ठरलं.’

दुसऱ्या वेळी माझा मुख्य निबंध या नोंदीच्या शेवटच्या दोन ओळींतून निघाला. एक्सेल काय, कोणालाही येतं. नाही म्हणणाऱ्या माणसाला मी कसं राजी केलं, तो का घाबरला होता आणि त्याचं कुठं बरोबर होतं, यात शाळेला (म्हणजे बिझनेस स्कूलला) रस होता. (वही स्वतःची आणि स्वतःच्या शब्दांत हवी. कंपनीच्या फायली घरी आणू नका, ग्राहकांची नावं लिहू नका.)

दुसरं, शिफारसपत्रं. बहुतेक शाळा एक किंवा दोन मागतात, आणि त्यातलं एक तुमच्या थेट वरिष्ठांचं असावं अशी अपेक्षा असते. जीमॅट घेणाऱ्या संस्थेने शिफारसपत्राचा एक सामायिक नमुना केलाय, तो बऱ्याच शाळा वापरतात. त्यात विचारतात की तशाच भूमिकेतल्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत हा उमेदवार कसा आहे. आणि पुढे, तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, आणि त्यावर त्याने काय केलं?

हा दुसरा प्रश्न नीट वाचा. तुमच्या साहेबांनी तुम्हाला कधी धड सूचनाच दिली नसेल तर ते काय लिहिणार? ‘कामात स्वतःला फार झोकून देतो.’ झालं, पत्र वाया. ही तयारी ऐन वेळी होत नाही. पुढच्या आढाव्याच्या वेळी सरळ विचारा, ‘मी एक गोष्ट वेगळी करावी असं तुम्हाला वाटत असेल तर ती कोणती?’ उत्तर ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि तीन महिन्यांनी जाऊन काय बदललं ते सांगा. साहेब कंपनी सोडून गेले तरी संपर्क ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि तीन वर्षांनी त्या अवघडलेल्या फोनवर पहिली पाच मिनिटं मी कोण हे सांगण्यातच गेली. काही साहेब म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. तसं करू नका. शाळांना ते चालत नाही, आणि निबंध व पत्र एकाच हातचं असलं की भाषेवरून कळतं.

आता परीक्षा. जीमॅट आणि जीआरई (एमबीएला चालणारी दुसरी प्रवेशपरीक्षा) दोन्हींचे स्कोअर 5 वर्षं चालतात. 2023च्या अखेरीस आलेलं नवं जीमॅट सव्वादोन तासांचं आहे: क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न), प्रत्येकी 45 मिनिटं. परीक्षेतला निबंध, भूमिती आणि सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं) गेलं. स्कोअर 205 ते 805 मध्ये येतो, त्यामुळे जुन्या परीक्षेतल्या 700शी थेट तुलना करू नका, पर्सेंटाइल (शंभरातले किती जण तुमच्या मागे) बघा. माझं मत, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी परीक्षा उरकून टाका. अभ्यासाची सवय मोडलेली नसते, आणि अर्जाच्या वर्षी डोक्यावर एक ओझं कमी. क्लास लावण्याआधी अधिकृत सराव परीक्षा एकदा देऊन बघा, कदाचित क्लासची गरजच नसेल.

सर्टिफिकेटांना ‘नको’ म्हटलं त्याला एक अपवाद आहे. पदवीत गणित-संख्याशास्त्राचे गुण कमी असतील तर गुण मिळणारा एखादा खरा कोर्स करा. तो उपयोगी पडतो. नुसती हजेरीची प्रमाणपत्रं कोणी बघत नाही. समाजकार्याचंही तसंच. अर्जाच्या सहा महिने आधी सुरू केलेलं लगेच ओळखू येतं. आवडीचं एकच धरा आणि आतापासून धरा.

नोकरी बदलायची का? सध्याच्या जागी बढती किंवा कोणाचं तरी काम तुमच्यावर अवलंबून असेल अशी जबाबदारी मिळणार असेल, तर थांबा. मोठ्या नावाच्या कंपनीत जाऊन पाट्या टाकणार असाल तर त्या नावाचा फारसा उपयोग नाही. सध्याच्या जागी मात्र दोन वर्षं शिकण्यासारखं काहीच दिसत नसेल, तर खुशाल बदला.

एमबीए कशासाठी, याचा विचार मात्र शाळांची यादी करण्याआधी हवा. इन्सिआद या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलचा कोर्स 10 महिन्यांचा, अमेरिकेतले बरेचसे दोन वर्षांचे. क्षेत्रच बदलायचं असेल तर दोन वर्षांच्या कोर्समधली उन्हाळी इंटर्नशिप मोलाची, त्याच क्षेत्रात वर जायचं असेल तर एक वर्ष वाचवलेलं बरं. आणि स्टॅनफर्ड अर्जाच्या निबंधात वर्षानुवर्षं विचारत आलंय की तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, आणि का? तिथं अर्ज करायचा नसला तरी या प्रश्नाचं उत्तर वर्षातून एकदा त्या वहीत लिहून बघा. माझी पहिली दोन उत्तरं आज वाचवत नाहीत.

वेळेचं गणित सांगते. मोठ्या अमेरिकन शाळांची अर्जांची पहिली फेरी साधारण सप्टेंबरमध्ये, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. तिसरी असते, पण तोवर जागा थोड्याच उरलेल्या असतात. पहिली फेरी धरलीत तर शिफारस करणाऱ्यांना जूनमध्येच सांगा, आणि भेटायला जाताना वहीतले चार प्रसंग एका पानावर उतरवून न्या. माझ्या साहेबांना त्यातले दोन आठवतच नव्हते.