मेकअपचे ब्रश घरी कसे आणि किती दिवसांनी धुवावेत?

फाउंडेशन-कन्सीलरचे ब्रश ७ ते १० दिवसांनी तरी धुवाच. त्यांत क्रीम, त्वचेचं तेल आणि मृत पेशी साचतात, आणि तेच पुन्हा चेहऱ्यावर जातं. पावडरचे ब्रश थोडे उशिरा धुतले तरी चालतं.

वेगळं क्लीनर लागत नाही, सौम्य शाम्पू पुरे. कोमट पाण्याखाली ब्रश टोक खाली करून फक्त केस भिजवा. तळहातावर थेंबभर शाम्पू घेऊन हलके गोल फिरवा. फेस आधी मातकट तपकिरी निघेल. तो पांढरा होईपर्यंत आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

खरी चूक होते ती पुढे, वाळवताना. ओला ब्रश कपात उभा ठेवला की पाणी धातूच्या नळीत उतरतं, आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. चांगला ब्रश असा वाया गेलेला बघवत नाही. म्हणून टॉवेलने टिपून, बोटांनी आकार देऊन, केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील असा आडवा ठेवा. जाड ब्रशला रात्रभर लागते. गरम ड्रायर नकोच.

आणि डोळे आले असतील, तर बरे होईपर्यंत डोळ्यांचे ब्रश वापरू नका, कुणाला देऊही नका.