कुंडीची माती आणि कच्च्या खताचा घोळ

बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. घरी माती मिसळली, सगळे सेंद्रियच घातले, तरी टोमॅटो-मिरचीची रोपे आठ-दहा दिवसांत माना टाकतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरे कुंडीतल्या मिश्रणाबद्दलच.

प्रश्न : फळभाज्यांसाठी मिश्रणाचे नेमके प्रमाण सांगा.

10 लिटर मिश्रणासाठी 4 लिटर भिजवून निथळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 3 लिटर पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, 2 लिटर परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खनिज; नसल्यास जाड वाळू किंवा भाताचे तूस) आणि 1 लिटर चाळलेली बागेची माती. त्यात 30 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 20 ग्रॅम हाडांचा चुरा. पेंड आणि चुरा सोडून सगळे एकाच डब्याने मोजा. किलोवर मोजू नका, कारण ओल्या-सुक्यात वजन कुठल्या कुठे जाते. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. मग झाकून पंधरा दिवस ठेवा, मध्ये एकदा खालीवर करा. पेंड कुजताना ऊब आणि अमोनिया सुटतो. हे पंधरा दिवस वाचवायला गेलेल्यांचीच पत्रे मला सर्वांत जास्त येतात. गांडूळखत चांगले म्हणून निम्मे घालू नका, मिश्रण चिकट होऊन पाणी धरून बसते. टोमॅटोला 20 लिटरची कुंडी हवी, मिरचीला 10-12 लिटर पुरते.

प्रश्न : नुसती बागेची माती भरली तर?

नको. कुंडीत ती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

प्रश्न : कोकोपीट धुवायलाच हवे का? पाकिटावर ‘धुतलेले’ असे छापले आहे.

छापलेल्या शब्दावर जाऊ नका. नारळाच्या भुश्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. भिजवून निथळलेल्या पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जास्त तितकी ती जास्त) साध्या मीटरने मोजा. भिजवायला वापरलेल्या पाण्यापेक्षा ती फारशी वाढलेली नसेल तर ठीक, बरीच वाढली असेल तर दोन-तीनदा धुवा. पाणी तपकिरी आहे की स्वच्छ, यावरून क्षार कळत नाहीत. धुतल्यावरही कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून 10 लिटर मिश्रणात एक मोठा चमचा जिप्सम (कॅल्शियम असलेले खनिज) घाला. फळाला कॅल्शियम पोचले नाही की टोमॅटोचे बूड काळे पडते, पण त्यामागे बहुतेक वेळा अनियमित पाणी असते, तेव्हा आधी तेच तपासा.

प्रश्न : निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडी घालू ना?

घालू नका. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकते. म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोके मोकळी ठेवा, त्यांवर जाळीचा तुकडा पुरे.

प्रश्न : शेणखत महिनाभर जुने आहे, रंग काळा झाला आहे. शिवाय एका यंत्रातून 24 तासांत तयार होणारे खतही मिळाले आहे. दोन्ही घातले तर चालेल का?

दोन्ही नाही. कुंड्यांतली बरीच रोपे रोगाने नव्हे, कच्च्या खताने जातात.

काळा रंग म्हणजे पक्वपणा नव्हे. ओले आणि दाबून ठेवलेले शेणही काळे पडते. अर्धवट कुजलेल्या खतात जिवाणूंचे काम चालूच असते. त्यासाठी ते मिश्रणातला ऑक्सिजन घेतात. लाकडाचा भुसा किंवा पेंढा जास्त असेल तर नायट्रोजनही ओढून घेतात आणि झाड पिवळे पडते. शेण किंवा कोंबडीखत असेल तर उलटे होते. अमोनिया सुटून मुळांची टोके करपतात, आणि मालक पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी ओततो. जमिनीत हे थोडेफार खपून जाते, दहा लिटरच्या कुंडीत मुळांना पळायला जागा नसते.

आता ते यंत्र. अशी बहुतेक यंत्रे ओला कचरा तापवून, वाळवून दळतात. बाहेर पडतो तो वाळलेल्या कचऱ्याचा भुगा. पाणी लागताच तो नव्याने कुजायला लागतो, तोही तुमच्या रोपाच्या मुळाशी. विकणारे याला खत म्हणतात. त्याला ढिगात घालून पुढचे काही महिने कुजवले तर गोष्ट वेगळी.

तपासणी घरी करता येते. ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस घरात ठेवा. उघडल्यावर आंबट, कुजका किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे आहे. पावसानंतरच्या मातीसारखा वास हवा. दुसरी चाचणी हळिवाची. निम्मे खत आणि निम्मे धुतलेले कोकोपीट अशा एका वाटीत, नुसत्या कोकोपीटच्या दुसऱ्या वाटीत, 20-20 बिया पेरा. चार-पाच दिवसांत पहिल्या वाटीतली उगवण दुसरीच्या 80 टक्क्यांहून कमी असेल, तर खत पुन्हा ढिगात टाका.

जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर तणनाशक मारलेले असू शकते. अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशके शेणातून जशीच्या तशी बाहेर येतात आणि कंपोस्टमध्येही बराच काळ टिकतात. टोमॅटोची कोवळी पाने वळून पेल्यासारखी होतात, आणि लोक विषाणू समजून फवारत सुटतात. हळिवाला हे कळत नाही, म्हणून घेवड्याच्या चार बिया तशाच दोन प्रकारच्या वाट्यांत लावून तीन आठवडे पाने पाहा. शंका आली तर ते खत कुठल्याच कुंडीत घालू नका, कृषी तज्ज्ञाला पाने दाखवा.

प्रश्न : अंड्याची टरफले आणि केळीच्या सालीचे पाणी रोज घालते. पुरेल का?

नाही. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अगदी बारीक पूड केली तरी ते हळूहळू आणि आम्लधर्मी मिश्रणातच विरघळते. पाणी अल्कधर्मी असेल तर जवळपास निरुपयोगी. सालीच्या पाण्यातून पोटॅशियम थोडेसेच उतरते, आंबलेल्या पाण्यावर चिलटे मात्र जमतात. ऐकीव उपाय सोडा आणि मिश्रणाचा सामू (pH, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्क) मोजा. 6 ते 6.8 असेल आणि वर सांगितलेले जिप्सम घातले असेल, तर कॅल्शियमची फार चिंता नको.

प्रश्न : मिश्रणावर पांढरी बुरशी आली आहे.

कुजवणारी बुरशी आहे, धोका नाही. वरचा दोन सेंटिमीटर थर सुकू द्या.

प्रश्न : मागच्या हंगामाची माती परत वापरू का?

वापरा, पण आधी जुनी मुळे काढा. तिसरा हिस्सा नवे पक्व कंपोस्ट आणि थोडे परलाइट मिसळा, वर सांगितलेली पेंड निम्म्या प्रमाणात घाला. झाड भरदुपारी कोमेजून सकाळी ताजे होत होते आणि शेवटी मेले, खोड कापल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर तो मर रोग असू शकतो. ती माती टोमॅटो-वांगी-मिरचीला देऊ नका, या रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवून ती कमी होते, संपत नाही. खोडाचा तुकडा कोरड्या कागदी पिशवीत घालून वनस्पतीरोग तज्ज्ञाकडे द्या. नुसत्या फोटोवरून निदान मी करत नाही, ते मागू नका.