फोनवर कावळे ओरडत होते

"मॅडम, जॉइनिंग लांबलंय हे घरी सांगू की नको?" बोटीवर जाणारी मुलं हा प्रश्न मला सारखा विचारतात. सीबीडी बेलापुरात एजंटांची ऑफिसं आहेत, म्हणून ही मुलं आसपासच्या खोल्यांत कॉटभाड्याने महिनोनमहिने पडून असतात.

महेश (नाव बदललंय) गुहागरकडचा, एबी म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी, वय ३४. बॅग घेऊन निघाला आणि मुंबईत पोचल्यावर कळलं, जॉइनिंग रद्द. औक्षण करून निरोप दिलेला माणूस चौथ्या दिवशी परत कसा जाणार? बायकोला सांगितलं, बोटीवर चढलो. उसने घेऊन दोन महिने 'पगार'ही पाठवला. त्यात एक एजंट म्हणत होता, दोन लाख दे, लगेच लावतो.

तो माझ्याकडे आला झोप लागत नाही म्हणून. मी आधी त्या दोन लाखांकडे वळले. एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), पासपोर्टचा खर्च तेवढा आपला. खलाशी भरतीचं आरपीएसएल लायसन्स कोणाकडे आहे ते डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर दिसतं. या एजंटचं नाव तिथे सापडलं नाही.

मग खोट्याचा विषय. साइन-ऑफ झालं, म्हणजे करार संपून बोटीवरून उतरलं, की पगार बंद, पुढची बोट लागेपर्यंत थांबायचं, हे याच नोकरीतलं आहे. मुंबईत धोबी तलावला गोव्याच्या एकेका गावाचे क्लब आहेत, त्यांना कूड म्हणतात. दोन बोटींच्या मधल्या काळात खलाशी तिथे गाववाल्यांसोबत राहायचे. थांबणं चारचौघांत व्हायचं. महेश मात्र ते लपवत बसला होता.

शेवटी त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "अहो, मला केव्हाच कळलंय. तुमच्या फोनवर मागे कावळे ओरडायचे. भर समुद्रात कावळे कुठले?"

मला हसू आवरेना. तिला राग आला होता तो उसन्या पैशांचा, आणि तो बरेच दिवस टिकला. त्याचे वडील तर आठवडाभर बोललेच नाहीत. पण महेश घरी गेला. जॉइनिंगसाठी ऑफिसला फोन सोमवारी आणि गुरुवारी, एवढंच ठरवलं. मेडिकलची मुदत संपत आली होती, ते रिकाम्या दिवसांत करून घेतलं.

पाच आठवड्यांनी बोट लागली. निघताना औक्षण नको म्हणाला. बायकोने केलंच.