प्रबंध जसाच्या तसा विकिपीडियावर टाकू नका, आधी त्याची वर्गवारी करा

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांवर एम.ए.साठी लिहिलेला साठ पानांचा प्रबंध मराठी विकिपीडियावर लेख म्हणून टाकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जसाच्या तसा नाही टाकता येणार. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वीरगळांवर (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर), म्हाताऱ्या माणसांना विचारून, मोठ्या हौसेने लेख लिहिला आणि तो वगळला गेला. फार लागलं होतं मनाला. पण कारण पुढे पटलं: विश्वकोश आधी कुठेतरी छापून आलेलं, कुणालाही पडताळता येईल एवढंच सांगतो. माझ्या लेखात वाचकाला माझ्या शब्दाखेरीज हाताशी काहीच नव्हतं.

म्हणून प्रबंधाची एक प्रत आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. छापील पुरावा असलेलं प्रत्येक वाक्य निळं, मुलाखतीतून किंवा तुमच्या निष्कर्षातून आलेलं लाल. विकिपीडियावर जाईल ते फक्त निळं, तेही नव्याने लिहून. ‘प्रस्तुत संशोधिकेच्या मते’ ही भाषा तिथे चालत नाही. नवा लेख उघडण्याची घाई नको. शहापूरबद्दल जिथे आधीच मजकूर असेल तिथे सहा-सात वाक्यांचा परिच्छेद घाला, आणि तोही आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुमच्या सरावाच्या पानावर, लिहून पाहा.

निळ्यातही एक खाचखळगा आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड (एकविसावा, १८८४) तुम्ही वापरलाय, छान. पण शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. ब्रिटिश जिल्ह्याचे आकडे शहापूरच्या मागांना सरसकट लावू नका. आकडा नेमका कुठला, हे पान उघडून पुन्हा बघा.

लाल भाग टाकाऊ नाही, उलट माझ्या मते प्रबंधाचा जीव तोच आहे. सुताला लावायची खळ कशी शिजवायची, आडवं सूत नेणारा धोटा कुणाकडून यायचा, हातमाग जाऊन यंत्रमाग आला तेव्हा घरात काय बदललं, हे दुसरीकडे कुठे मिळणार? ते आधी एखाद्या संशोधनपत्रिकेत छापून आणा. मग लेखाच्या चर्चापानावर (संपादक जिथे लेखाबद्दल बोलतात त्या पानावर) ‘हा निबंध माझाच आहे’ असं उघड सांगून दुसऱ्या सदस्याला संदर्भ तपासायला सांगा. आपल्याच लेखनाचा संदर्भ आपणच गुपचूप जोडला तर शंका येते, आणि ती रास्त असते.

पदवी हाती येईपर्यंत प्रबंधातला एकही परिच्छेद ऑनलाइन टाकू नका. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडला, तर तुमचंच लेखन तुम्ही चोरल्यासारखं दिसेल. आणि निबंधाचा हक्क पत्रिकेकडे गेला असेल, तर स्वतःचा मजकूरही विकिपीडियावर चिकटवणं हा हक्कभंगच. तिथे दिलेलं लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातं. श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून ते कुणीही बदलू शकतं, विकूही शकतं. हे मान्य असेल तरच द्या. मागाचे फोटो तुम्ही स्वतः काढलेले असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, जरूर चढवा. माणसं दिसत असतील तर त्यांना विचारून.

आता आपल्या भागाचं. मराठीत आपण बेळगाव लिहितो, सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. ते एकदा नोंदवा आणि पुढे चला. कुणी नाव बदललं तर उलटवाउलटवी करत बसू नका, चर्चापानावर बोला. १९५६ची राज्यपुनर्रचना आणि सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा हे विषय माझ्याही पोटात तुटतं असे आहेत, पण विणकरांच्या परिच्छेदात त्यांची जागा नाही.

उलट सीमेवर वाढल्याचा एक फायदा तुमच्याकडे आहे: तुम्हाला कन्नड वाचता येतं. विणकरांमध्ये घरी कन्नड बोलणारी कुटुंबं आहेत, त्यांच्याबद्दलचं लेखनही कन्नडमध्ये असणार. संदर्भ कुठल्याही भाषेतला चालतो. पुण्यात बसून लिहिणाऱ्या संपादकाला जे जमत नाही ते तुम्हाला सहज जमेल. तोच परिच्छेद कन्नड विकिपीडियावरही लिहा, म्हणजे दोन्हीकडचे लोक एकमेकांचे संदर्भ तपासतील.

धूळपाटीवर मजकूर तयार झाला की माझ्या चर्चापानावर कळवा, मी गॅझेटियरची पानं ताडून बघेन. मुलाखतींच्या ध्वनिफिती मात्र आजच आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. त्यातले दोघे ऐंशीच्या पुढचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय.