लातूरची छोटी रेल्वे का बंद झाली?

प्रश्न बार्शी लाइट रेल्वेबद्दल आहे. ती बंद पडली म्हणण्यापेक्षा रुंद झाली, असं मी म्हणेन.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू केला. रूळ फक्त ७६२ मिलिमीटर रुंदीचे. खरी करामत वजनाच्या वाटणीत होती: कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरही भरपूर माल जाई. १९११ मध्ये गाडी निजामाच्या हद्दीतल्या लातूरला पोचली आणि इथल्या बाजारपेठेला जणू पाय फुटले. आषाढीला तर वारकरी मालडब्यांतूनही पंढरपूर गाठत.

उतरण लागली ती कुर्डुवाडीला. तिथून पुढे मोठ्या गाडीचे रुंद रूळ, म्हणून प्रत्येक पोतं छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावं लागे. रस्ते सुधारले, ट्रक थेट आडतीवर येऊ लागले, एसटी गावोगाव पोचली. मग हा खटाटोप कोण करणार? १९५४ मध्ये सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, पण वेग तोच राहिला.

२००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं आणि नवा मार्ग उस्मानाबादवरून, म्हणजे आताच्या धाराशिववरून, वळवला. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती याच वाटेने. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होतं.